आचाऱ्याची दुसरी नळी

कारखान्याच्या खानावळीत आचाऱ्याने हयात घालवली. मग पोटात आतड्याला पीळ पडला, जवळजवळ सगळं आतडं काढावं लागलं आणि त्याचं खाणंच सुटलं. छातीतून मोठ्या शिरेत घातलेली नळी आणि तिला रोज संध्याकाळी जोडायची पांढऱ्या द्रवाची पिशवी, हेच त्याचं जेवण.

बायको आधीच गेली होती. लोक वाईट नव्हते. पण याच्यासमोर खायचं कसं, म्हणून कोणी बोलवेनासं झालं. सख्खी बहीणसुद्धा जेवणाची वेळ टाळून यायची.

एका सकाळी सदऱ्याचं वरचं बटण लागेना. मान सुजली होती, डावा हातही. बटण उघडं टाकून तो तसाच वावरत राहिला. विचारणारं होतं कोण? बहीण आली, तिने पाहिलं आणि उभ्या उभ्याच गाडी बोलावली.

"नळीभोवती रक्ताची गुठळी झालीय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "अशा मोठ्या शिरा मोजक्याच असतात. त्या बुजत गेल्या, तर पिशवी जोडायची कुठे?"

रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. नवी नळी घालताना बाईंनी घाई केली नाही. सोनोग्राफीवर मानेच्या उजव्या बाजूची शीर नीट पाहून घेतली, चालेल तेवढी बारीक नळी निवडली, एकाच टोचणीत आत सारली. जुन्या नळीचं टोक वरच राहून शिरेला घासत होतं. नवीचं हृदयाच्या तोंडाशी पोचलंय, याची एक्स-रे काढून खात्री केली.

"पुन्हा गुठळी नाही ना होणार?" बहिणीने विचारलं.

"शब्द नाही देता येत. जपलंय आम्ही. सूज आली, दुखलं, तर लगेच सांगायचं."

"कोणाला सांगू?" आचारी म्हणाला.

बाईंना वाटलं, तो नंबर मागतोय. त्यांनी वॉर्डचा फोन नंबर दिला. बहिणीला मात्र कळलं.

"दादा, रविवारी येत जा," वाटेत ती म्हणाली. "आम्ही जेवताना."

"तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"उतरेल हळूहळू."

पहिल्या रविवारी सगळे ताटात बघून जेवले. पुढच्या खेपेला तोच म्हणाला, "भाजी तळाला लागलीय. वास येतोय."

"मी बोललो असतो तर महाभारत झालं असतं," मेहुणे म्हणाले. बहीण हसली आणि मग डोळे पुसत आत गेली.

नळी अजून नीट चालते. रविवार सोडला, तर तो पिशवी लावून खिडकीशी बसतो. समोरच्या घरांत ताटं मांडल्याचे आवाज येतात. आपण त्यांना दिसू नये म्हणून ते थांबेपर्यंत तो दिवा लावत नाही.