शिक्का माझा, लाडू भिशीचे

लोकांना वाटतं, आहारतज्ज्ञ म्हणजे जाड माणसांना बारीक करणारी बाई. माझी झोप मात्र एका बारीक मुलीने उडवली होती. बावीस वर्षांची, आमच्या इंदिरानगरातलीच. अंगात रक्त इतकं कमी, की माझ्या गाळ्यापर्यंतचा एक मजला चढून आली तरी कठडा धरून उभी राहायची. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वजन वाढवायला माझ्याकडे पाठवलं. तीन महिने झाले तरी काटा चाळिसावरच. मी नुकताच गाळा भाड्याने घेतला होता. मला तिची काळजी वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, स्वतःच्या नावाचीही.

ती आईबरोबर यायची. प्रश्न मी मुलीला विचारायचे, उत्तर आई द्यायची.

"सकाळी काय खातेस?"

"सगळं खाते हो मॅडम. खाण्याचा काही त्रासच नाही तिचा."

"झोप लागते का?"

"अगदी गाढ."

मुलगी भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे बघत बसायची. त्यातला अननस तिला पाठ झाला असावा. मीही घाईत, बाहेर दोघं थांबलेले, म्हणून आईचंच म्हणणं लिहून घ्यायचे.

तिच्यासाठी मी आहाराचा कागद केला होता तो असा: सकाळी दूध आणि खजूर, न्याहारीला तूप लावून पराठा, अकराला केळं आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू, जेवणात वरण-भातावर तूप, संध्याकाळी मूठभर बेदाणे, निजताना पुन्हा दूध. खाली माझा शिक्का. नाव, पदवी, फोन नंबर, सगळं ठसठशीत. शिक्का नवा होता, त्यामुळे मी तो जरा जोरातच मारायचे.

एके दिवशी भाजीबाजारात एका बाईंनी मला अडवलं. चेहरा ओळखीचा नव्हता.

"मॅडम, तुमचं डाएट चालू आहे. पहिल्या महिन्यात वजन आधी वाढतं का हो?"

मी म्हटलं, तुम्ही माझ्याकडे कधी आलात? त्या म्हणाल्या, यायचं कशाला, कागद आहे ना. आणि मोबाइल समोर धरला. खजूर, पराठा, लाडू, खाली माझा शिक्का. वरचा भाग मात्र नव्हता, जिथे मुलीचं नाव, तिचं वजन आणि 'वजन वाढवण्यासाठी' असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

तो कापला होता मुलीच्या आईने. भिशीतल्या बायकांनी "मॅडमचं डाएट टाक ना" म्हणून गळ घातली, तेव्हा तिने कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. पण मुलीसाठी स्थळं बघणं चालू. पोरगी अशक्त आहे हे बाहेर कळायला नको, म्हणून वरचा भाग उडवला. आईच्या जागी ते बरोबरच होतं. माझ्या जागी मात्र पंचाईत झाली.

कारण भिशीतल्या अकराही जणींना बारीक व्हायचं होतं. आणि त्यांनी तो कागद जितक्या निष्ठेने पाळला, तितका माझा एकही कागद आजवर कुणी पाळलेला नाही. एकीने तर चतुर्थीच्या उपासालाही लाडू चुकवला नाही, शेंगदाणे चालतात म्हणून. डाएटवर असून भूक लागत नाही, ही मॅडम कमाल आहे, असं माझं कौतुक चाललं होतं. मग एकेकीचे ब्लाउज उसवायला लागले. तरी त्यांचा विश्वास ढळला नाही. आधी अंगातली जुनी चरबी वर येते आणि मग जाते, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. माझा कागद अचूक असल्याचा पुरावा कॉलनीत रोज संध्याकाळी फेऱ्या मारत होता. वाढलं नव्हतं ते फक्त त्या मुलीचं वजन.

माझा नवरा वर्षभर म्हणत होता, स्वतःची वेबसाइट कर. मी म्हणायचे, इथे सगळे ओळखतात मला. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "म्हणूनच." मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. माझं म्हणणं काय आहे हे लोकांनी माझ्याकडूनच वाचावं, अशी एकही जागा मी ठेवली नव्हती. नुसता शिक्का गावभर फिरत होता.

मग वेबसाइट केली. पहिल्याच पानावर लिहिलं, 'एकाचा आहार दुसऱ्याने घेऊ नये.' हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर अकरा चेहरे होते. खाली एक प्रश्नावली टाकली आणि रागारागात वर लिहिलं, 'ज्याची त्याने भरावी. आईने भरू नये.' नवरा म्हणाला, हे फार तिखट झालं. मी ते तसंच ठेवलं.

पहिली भरलेली प्रश्नावली आली ती त्याच मुलीची.

'सकाळी काही खात नाही. दुधाने मळमळतं. दुपारी अर्धी पोळी. गोड मला लहानपणापासून आवडत नाही. लाडू आई करते, पण डबा भिशीला जातो. मला तिखट आवडतं. हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं.'

तीन महिने मी तिच्यापासून दोन हातांवर बसत होते. मला इतकी शरम वाटली, की मी ते पान मिटून टाकलं आणि पुन्हा उघडलं.

मी तिलाच उत्तर लिहिलं. दूध बंद, लाडू बंद. बाजरीची भाकरी, तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी, लिंबू पिळून मटकीची झणझणीत उसळ, सकाळी तिखट धिरडं. महिन्याने दोघी आल्या. मुलगी कठडा न धरता वर आली. दीड किलो वाढलं होतं.

मी पुढच्या महिन्याचा कागद तिच्या हातात दिला. आईने सवयीने पर्समधून मोबाइल काढला. मुलीने कागदाची घडी घातली आणि मुठीत धरली.

"आई, हा माझा आहे," ती म्हणाली.

चार महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.