वयाच्या मानाने

माझी वहिनी मेंदूच्या स्कॅनचे रिपोर्ट टाइप करते. तपासणी केंद्राच्या मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून डॉक्टरांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायचा आणि ऐकलं तेच उतरवायचं. बावीस वर्षं झाली. अर्थ कुणाला सांगायचा नाही असा तिथला नियम आहे, पण आमची गल्ली तिला तो पाळू देत नाही. रिपोर्ट हातात पडला की लोक आधी वहिनीच्या दारात येतात, मग डॉक्टरकडे जातात.

मीही डोकेदुखीचा रिपोर्ट घेऊन गेलो होतो. तिने वाचला. "भाऊजी, मेंदू सापडला म्हणतायत. आम्हालाही नवल वाटलं." मग पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दाखवून म्हणाली, "वयाच्या मानाने आहेत. केस पांढरे होतात, तसं आतही होतं." हे केसांचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.

तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, शिंपी. गिऱ्हाइकांची मापं त्याने कधी कागदावर लिहिली नाहीत. सगळी तोंडपाठ, आणि त्याची त्याला भारी घमेंड. या वर्षी त्याने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आम्ही महिनाभर चेष्टा केली. पुढे एकाचं कापड दुसऱ्याच्या मापाने बेतलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. वहिनीने त्याला आपल्याच केंद्रात नेलं.

रिपोर्टही तिनेच टाइप केला. सगळं ठीक असलं की डॉक्टर एवढंच म्हणतात, "नेहमीचं पान." वहिनी एक कळ दाबते, तयार मजकूर समोर येतो. त्या दिवशी डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. एकेक ओळ सांगू लागले.

संध्याकाळी दादा टेप गळ्यात घालून बसला होता. मीही होतोच. वहिनीने पाकीट उघडलं, पण ती बोलायच्या आधीच दादा म्हणाला, "केसांसारखंच ना? वयाच्या मानाने?"

"हो," वहिनी म्हणाली.

दादा खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्याने बँडवाल्यांचे बारा कोट शिवायला घेतले. गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आधीच ठरलं होतं, तर म्हणाला, "केस पिकले म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का?"

मी तो रिपोर्ट वाचला. 'वयाच्या मानाने' तिथे होतंच, पण त्यापुढे 'जास्त' होतं. मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. मला तिचा भयंकर राग आला होता.

"साऱ्या गल्लीला समजावतेस आणि घरात खोटं बोलतेस?"

"त्यांनी माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलं, भाऊजी. आता कुठल्या तोंडाने मागे घेऊ? उद्या ते म्हणतील, तू सगळ्यांनाच असं सांगत होतीस का?" ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तीन दिवस झोप नाही. घरात राहवत नाही, कामावर बसवत नाही."

माझा राग तिथेच संपला. मला तिची दया आली, आणि दादाबद्दल भीती वाटली.

बुधवारी दुपारी ती दादाच्या मशीनपाशी जाऊन बसली.

"अहो, केसांसारखं नाही ते. मी हो म्हणाले, ते चुकलं. कापड धुतल्यावर आटतं ना, तसा मेंदू थोडा आटलाय. वयाने सगळ्यांचाच आटतो. तुमचा जास्त आटलाय, आणि आठवण जिथे राहते तिथे. हे का झालं, ते रिपोर्ट सांगत नाही. ते डॉक्टरच सांगतील."

दादाने मशीन थांबवलं. "आटलेलं कापड ओढून परत येत नाही," तो म्हणाला. मग त्याने सुईखालचं कापड काढून बाजूला ठेवलं.

"तुझं ते टाइप करायचं आण," तो म्हणाला. "मापं सांगतो, आहेत तोवर उतरवून घे."

वहिनीने लॅपटॉप मांडीवर घेतला.

"पहिलं तुझंच घे. तुझा निळा कोट. छाती छत्तीस. बाही सतरा." तो थांबला. "बरोबर ना?"

वहिनीची बोटं कळांवर तशीच राहिली.

"नाही," ती म्हणाली.

दादाने गळ्यातली टेप काढली. "हात सरळ कर," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यापासून मोजायला लागला.