पहिल्या ओळीचे मामा

टपाल आलं की मामा पहिला कागद हातभर लांब धरायचे, डावा डोळा मिटायचे, उजव्या डोळ्यानं वरची ओळ हुंगल्यासारखी बघायचे आणि दारातूनच जाहीर करायचे, "सार, इचू हाये!"

इचू म्हणजे विंचू. आणि विंचू म्हणजे 'इट हॅज कम टू माय नोटिस' असं सुरू होणारं पत्र. सरकारी इंग्रजीत वरच्या साहेबांच्या नजरेला एकदा काही आलं, की कोणाला तरी डसल्याशिवाय ते परत जात नाही. मामांची ललकारी ऐकून आमच्या ऑफिसात जी पळापळ व्हायची, ती बघायला मी तिकीट लावलं असतं! एक जण जुन्या फायली उपसू लागे, दुसऱ्याच्या पोटात दुखू लागे, आणि मी, खोटं कशाला सांगू, चहाला निघून जाई.

तुम्हाला वाटेल मामांना इंग्रजी येत होतं. छे! सीमेवरच्या गावात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एबीसीडी दुकानांच्या पाट्यांवरून उचललेली. आदिलाबादेत, मावल्याच्या रस्त्यावरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात ते अटेंडर, म्हणजे शिपाई, होते. पत्र टेबलावर ठेवायचं आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं, एवढंच त्यांचं इंग्रजीचं शिक्षण. पण ते बावीस वर्षं चाललं! कोणत्या अक्षरांनी कोणाला घाम फुटतो, कोणत्या ओळीला साहेब जांभई देतात, कोणत्या ओळीला फोन उचलतात, सगळं डोक्यात.

त्यांनी एकेका सुरुवातीला एकेक नाव दिलं होतं. 'विथ रेफरन्स टू' म्हणजे सोयरिकवाला. "हा आधी बापाचं नाव सांगते, मंग आज्याचं सांगते, मंग कामाचं बोलते." 'काइंडली' म्हणजे गोडबोल्या. आणि 'इन स्पाइट ऑफ रिपीटेड रिमाइंडर्स' म्हणजे सासू. सासू आली की मामा ती दोन बोटांत धरून आणत आणि हळूच म्हणत, "दहादा सांगतलं तरी आयकत नाही म्हणून राह्यली, सार."

एकदा मी विचारलं, "मामा, तुम्ही वरचीच ओळ काऊन बघता? खाली काय लिहिलंय ते कोणाला विचारत नाही?"

"कापसाच्या गाडीत अडत्या एक मूठ हात घालते, त्याले माल समजते," मामा म्हणाले. "पुरी गाडी उपसते काय तो?"

मला राहवेना. माझा स्वभावच तसा, खोड काढल्याशिवाय जेवण पचत नाही. मी एक पत्र टाईप केलं. सुरुवात अगदी शास्त्रशुद्ध: 'आय ॲम टू रिक्वेस्ट यू'. खाली मात्र लिहिलं, की सर्व कर्मचाऱ्यांनी दर सोमवारी उजव्या पायावर उभं राहून फायली तपासाव्यात आणि अहवाल पाठवावा. टपालात सरकवलं. मामांनी डोळा मिटला, ओळ पाहिली. "हे मॅडमचं," म्हणाले, आणि मी उठेपर्यंत आत गेलेसुद्धा.

आमच्या सुपरिंटेंडेंट मॅडम तेलुगू, कामाला वाघीण. त्यांनी पत्र घेतलं, कोपऱ्यात 'आवश्यक कार्यवाही करावी' लिहिलं, झोकदार सही केली आणि कागद कार्यवाहीसाठी आला कोणाकडे? माझ्याकडे! म्हणजे बघा, वरची ओळ पाहून काम चालवणारे मामा एकटे नव्हतेच. अख्खं ऑफिस त्याच मुठीवर चाललं होतं.

मी मामांपुढे कबुली दिली. हसतील म्हटलं. मामा गंभीरपणे म्हणाले, "सही झाली हाये, सार. आता उभे राहा." आणि वाचकहो, सोमवारी अकरा वाजता मी उभा राहिलो. मामांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "डावा टेकला तुमचा. मी पायलं."

या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट मात्र मामांच्या काळजाला लागलेली होती. बावीस वर्षं झाली तरी ते पार्ट-टाइमच होते. आमच्या सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे, आणि कागदावर अर्धे. त्यांची बायको म्हणायची, "हापिसात पाव्हण्यावाणी जाता न पाव्हण्यावाणी येता. एक दिवस म्हणतीन, या पाव्हणे, झाला तुमचा चहा." त्यांना पर्मनंट करावं म्हणून आमच्याकडून तीनदा प्रस्ताव गेला. तिन्ही वेळा उत्तर 'आय रिग्रेट टू'ने सुरू झालं. तिन्ही वेळा ते पत्र मामांनीच टपालातून काढलं, डोळा मिटून पाहिलं, कोणालाही न सांगता फाईलला लावलं आणि सगळ्यांना चहा आणला. तिसऱ्या वेळी फक्त एवढं म्हणाले, "माह्या घरचा रिग्रेट आला होता." चौथा प्रस्ताव गेला तेव्हा मामांच्या वयाची मर्यादा संपायला थोडेच महिने उरले होते. पाचवा जाणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

आता खरी गंमत ऐका.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मामा एक पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. डावा डोळा मिटून झाला, उजवा मिटून झाला, दोन्ही उघडून झाले.

"सार, हे आपलं नाही. हे पाहा, 'हॅपी' लिहिलं हाये. बसस्टँडवर फ्लेक्स लागते ना वाढदिवसाचे, तेच हे. कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस चुकून आपल्याकडं आला."

मी हिशेबाच्या तक्त्यात मान घालून बसलो होतो. न बघता म्हणालो, "असेल. परत देऊन टाका." पाहिलंत? मीसुद्धा एका शब्दावर! मामांनी पत्र बॅगेत घातलं आणि रोजचं टपाल द्यायला जिल्ह्याच्या मोठ्या ऑफिसकडे निघून गेले.

तासाभरानं मोठ्या ऑफिसातून फोन. तिथला टपाल बघणारा बाबू ओरडत होता, "अरे साब, ये तुम्हारा अटेंडर अपनीच ऑर्डर वापस लेके आया! मैं बोल रहा इसपे तेरा नाम है, ये बोल रहा मेरे नाम के बहुत लोग हैं!"

मागून मामांचा आवाज ऐकू येत होता, "सार, त्याले सांगा ना, हे आपलं नाही!"

हातातला तक्ता खाली पडला. बाबूनं ऑर्डर वाचून दाखवली: 'आय ॲम हॅपी टू इन्फॉर्म यू', मामा पर्मनंट. नेमणूक इंद्रवेल्लीच्या ऑफिसात. सात दिवसांत हजर व्हावं, नाहीतर नेमणूक रद्द. आणि ऑर्डर वाटेत सहा दिवस फिरून आली होती. म्हणजे आज पाचच्या आत!

मॅडमनी मामांना मोकळं करण्याचा कागद स्वतः काढला आणि, नोंद घ्या, सही करण्याआधी तो पूर्ण वाचला. मी स्कूटर काढली. मोठ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर मामा बॅग छातीशी धरून बसले होते. ऑर्डर बाबूनं त्यांच्या खिशात कोंबली होती.

"बसा मागं!"

"सार, तुमी तरी बापा असं करू नका. माहा कागद 'रिग्रेट'नं सुरू होते. मी त्याले अंधारात ओयखतो. हा माहा नोहे."

बसस्टँडवर उटनूरची बस लागलेली होती. ती इंद्रवेल्लीवरून जाते. मामा दारापाशी येऊन अडले. चढेनात. खिशातून ऑर्डर काढून माझ्या हातात दिली.

"पुरी वाचा, सार. शेवटपर्यंत. खाली कुठं तो रिग्रेट लपून बसला असन तर?"

कंडक्टर शिट्टी तोंडात धरून उभा होता. मी म्हटलं, भाऊ, दोन मिनिटं. आणि मग आदिलाबादच्या बसस्टँडवर, कापसाच्या धंद्यातल्या चार-पाच जणांच्या, एका शेंगदाणेवाल्या बाईच्या आणि अख्ख्या उटनूर बसच्या साक्षीनं, मी ती ऑर्डर खड्या आवाजात वाचली. एक ओळ इंग्रजीत, एक मराठीत. काय तो आवाज लागला होता माझा! संदर्भ क्रमांक वाचले, तारखा वाचल्या, अटी वाचल्या. प्रत्येक परिच्छेद संपला की मामा विचारायचे, "हाये काय?" आणि मी म्हणायचो, "नाही!" दुसऱ्या परिच्छेदापासून शेंगदाणेवाली बाईही विचारू लागली, "हाये काय?" आणि खिडक्यांतून लोक ओरडू लागले, "नाही!"

शेवटी प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्याची यादी आली. तीही वाचली. शेवटचं नाव मामांचं होतं. सही, शिक्का. कागद संपला.

"संपला?" मामांनी विचारलं.

"संपला. कुठंही नाही."

मामांनी दोन्ही हातांनी कागद घेतला, कपाळाला लावला. कंडक्टरनं शिट्टी मारली, बस हलली, कोणीतरी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. मी हात हलवत राहिलो, बस फाटकाबाहेर गेली, आणि मग खाली पाहिलं. मामांच्या चपला फलाटावर होत्या. पोथी ऐकायला बसताना काढावी तशी त्यांनी ती जोडी कधी काढून बाजूला लावली होती, कोणालाच कळलं नव्हतं. चार चाळीसला माणूस अनवाणी हजर झाला आणि पर्मनंट झाला.

"येतो ना घ्यायले," असं ते फोनवर दर वेळी म्हणतात. पण पर्मनंट माणसाला सुट्टी कुठली? मी त्या चपला आणून आमच्या ऑफिसच्या दाराशी ठेवल्या आहेत. कामासाठी येणारा नवा माणूस दारात येतो, ती जोडी बघतो, क्षणभर थबकतो, आणि मुकाट्यानं आपल्याही चपला शेजारी काढून आत येतो.