मागाचा लाल दोरा

शहापुरात आमच्या शेजारी एक पोरगा राहतो. तो दिवसभर मागावर साड्या विणतो आणि सकाळी मैदानात गोलकीपर असतो. गोव्यातल्या एका क्लबनं त्याला चाचणीतून दोनदा परत पाठवलं.

"काय म्हणाले रं?" मी विचारलं.

"उंची कमी पडत्या म्हणाले, अण्णा. उडी वाढवायची, दुसरं काय?"

त्यानं मैदानाच्या कडेच्या दोन झाडांना मागाचा लाल दोरा आडवा बांधला. रोज तो दोऱ्याकडं उड्या मारायचा आणि बोटं खालीच राहायची.

काल मी फिरायला गेलो, तर त्यानं दोरा चार बोटं खाली घेतलेला. उडी मारली, बोटं लागली. मला वाटलं, संपलं.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मी झाडाआड होतो. मग त्यानं दोरा सोडला आणि जुन्या खुणेच्याही वर नेऊन बांधला.