कवाबी दाबा

माणसाला बिनकामाचं काम सांगून बघा, आठवड्यात पोतंभर किस्से जमतात. माझ्याकडं दोन पोती आहेत. आमच्या सरांची पीएच.डी. चालू होती: माणूस काही हिशेब न धरता, कमीजास्त वेळानं बटण दाबू शकतो का? एक डबा, वर बटण, आत सरकणारी कागदाची पट्टी. दाबलं की ठिपका. लातूर नवाच जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ, आणि मी डबा घेऊन गावोगाव. सरांनी आधीच बजावलं होतं, "झाडाखाली बसून स्वतःच दाबलंस तर नोकरी गेली." घरात पगार आणणारा मी पहिलाच.

*

चाकूरच्या एका ऑफिसातल्या शिपायाला म्हणालो, "मामा, कवाबी दाबा. पुढचं कधी दाबणार, अंदाज लागू देऊ नका."

"हे जुन्या जिल्ह्याचं हाय का नव्या?"

"कॉलेजचं आहे."

"मग पावती द्या." पावती लिहून दिली, तेव्हा कुठं बोट उचललं.

*

एका रिटायर्ड गुरुजींनी "उद्या या" म्हणून सांगितलं. गेलो तर वहीत सेकंद लिहून तयार: तीन, अकरा, पाच, दोन. घड्याळ बघत बघत दाबलं.

"तयारीशिवाय परीक्षा देत न्हाई मी," म्हणाले.

*

देवणीच्या एका शेतकरी काकांनी डबा उलटासुलटा करून बघितला. "यावरून चाऱ्याच्या छावणीत बैल घेणार का न्हाई, ते ठरतं का?"

"नाही हो."

"मग आधी तुम्ही दाबा."

मी दाबलं. त्यांनी हुबेहूब तसंच दाबलं. "तुमचं चाललं तर माझंबी चालंल."

दोन्ही पट्ट्या जुळल्या आणि सरांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

*

त्यातच दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पाच बायांच्या पट्ट्या आल्या. पाचही सारख्या. ठोका, जरा थांबून ठोका, तेवढंच थांबून परत ठोका.

सर म्हणाले, "बाया पाच आणि बोट एकच? उद्या मी येतो. खोटं निघालं तर तिथूनच घरी जायचं."

मी लई भ्यालो.

कामावर पोचल्यावर सरांनी मला लांब उभं केलं आणि पाचांतल्या काशीबाईंना स्वतः डबा दिला. त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला, पदराला बोटं पुसली आणि दाबायला लागल्या. पट्टी तशीच निघाली.

सर म्हणाले, "बाई, मनाला येईल तसं दाबायचं होतं. एकसारखं का दाबताय?"

काशीबाईंनी आधी माझ्याकडं, मग सरांकडं संशयानं बघितलं. डावा अंगठा पुढं केला. त्याला नख नव्हतं.

"मनाला येईल तसं एकदाच हाणलं होतं, साहेब."