फडकं ओलं होतं का

पंचवटीत राहूनही बरीच वर्षं मला रामापुढे डोळे मिटता येत नव्हते. देवळात रोज जात होते, फुलं वाहत होते, प्रदक्षिणाही घालत होते. पण हात जोडून डोळे मिटले की एका बाईच्या मांडीवरचा पांढरा पडलेला डाग दिसायचा आणि मी घाईघाईनं डोळे उघडायची. मला देवाच्या असण्याची शंका कधीच आली नाही. माझ्यासारखीनं त्याच्या दारात यावं का, एवढीच शंका होती. हे सगळं आज लिहिते आहे, कारण ज्यांनी मला त्यातून बाहेर काढलं त्यांचं ऋण निदान कागदावर तरी मान्य करावं असं वाटतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गोदावरीच्या पलीकडे एका सर्जनच्या खाजगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. तिथं नुकतंच कॉटरीचं मशीन आलं होतं. लोखंडी कपाटाएवढं धूड, समोर दोन गोल बटणं आणि डॉक्टरांच्या पायाखाली एक पेडल. पेडल दाबलं की मशीन भुंग्यासारखं गुणगुणायचं. डॉक्टरांच्या हातातल्या टोकातून वीज जायची आणि वाहणाऱ्या रक्तवाहिनीचं तोंड जागच्या जागी भाजून बंद व्हायचं. त्याआधी प्रत्येक रक्तवाहिनी चिमट्यात धरून दोऱ्यानं बांधावी लागे. आता रक्त कमी जायचं आणि वेळही वाचायचा. नाशकात तेव्हा फार थोड्या ठिकाणी हे मशीन होतं आणि आमच्याकडे ते माझ्या ताब्यात होतं. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

त्या मशीनचा एक नियम होता. शरीरात गेलेली वीज परत जायला वाट हवी. म्हणून पेशंटच्या खाली धातूचा एक पत्रा ठेवायचा आणि त्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायचं. फडकं चांगलं ओलं असलं आणि पत्रा नीट टेकलेला असला की पेशंटला काही होत नाही. फडकं कोरडं राहिलं किंवा पत्रा एखाद्या कोपऱ्यालाच टेकला, तर सगळी वीज तेवढ्याच जागेतून निघते आणि कातडी भाजते. पेशंट भुलीत असतो, त्याला कळत नाही. ते कळून घ्यायचं काम माझं होतं.

चैत्रातली एकादशी होती. संध्याकाळी रामाचा रथ निघणार होता आणि त्याआधी घरी पोचून, अंघोळ करून ओवाळायला उभं राहायचं माझ्या मनात होतं. त्या दिवशी तीन ऑपरेशनं होती. तिसरं येवल्याच्या द्वारकाबाईंचं, पित्ताशयाचं. पन्नाशीच्या, विधवा. नवऱ्यामागं पैठणीचा माग त्यांनी स्वतः चालवला होता. आदल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती, मागावर पुन्हा कधी बसता येईल. मी म्हटलं होतं, महिन्याभरात.

दुसऱ्या ऑपरेशनचं फडकं मी झटकून तसंच पत्र्याला गुंडाळलं. चैत्रातला उकाडा, ते केव्हाच सुकत आलं होतं. हात लावून पाहिला असता तर कळलं असतं. पाहिला नाही. मधेच डॉक्टर म्हणाले, कॉटरी नीट चालत नाही, जरा वाढवा. अशा वेळी आधी पत्रा तपासायचा, हे मला पाठ होतं. पण त्यासाठी चादरींखाली शिरावं लागलं असतं, चार-पाच मिनिटं गेली असती. मी बटण वाढवलं. मशीन चालायला लागलं.

ऑपरेशन संपल्यावर पत्रा मीच काढला. फडकं कागदासारखं कोरडं होतं आणि द्वारकाबाईंच्या बैठकीपाशी, मांडीच्या मागच्या बाजूला, रुपयाएवढी कातडी पांढरी पडली होती. मी ते पाहिलं. पाहिलं आणि वरून चादर ओढली. त्यांना वॉर्डात नेलं तेव्हा भूल उतरताना त्या थंडीनं थरथरत होत्या. वॉर्डातल्या आया कौतिकमावशींनी गरम पाण्याची पिशवी त्यांच्या मांडीला लागून ठेवली. मी घरी गेले. रथ पाहिला. ओवाळलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा फुगून आली होती, मधे काळी पडली होती. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "फडकं ओलं होतं का?"

"हो," मी म्हटलं.

एवढाच तो शब्द. मग डॉक्टरांची नजर मांडीजवळच्या रबरी पिशवीकडे गेली आणि मी काही न बोलता दोष तिकडे सरकला. कौतिकमावशी म्हणाल्या, "पिशवी कोमट व्हती सायेब. म्या गालाला लावून पाहिली व्हती." त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. त्या चांदवडकडच्या, बौद्ध वस्तीत राहणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. मी पांढऱ्या कपड्यातली शिकलेली सिस्टर. कोणाचा शब्द खरा मानायचा हे विचारण्याआधीच ठरलेलं होतं, आणि ते ठरलेलं आहे हे मला माहीत होतं. आठवडाभरात त्यांना कामावरून काढलं. द्वारकाबाईंची जखम भरायला दोन महिने लागले. जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले आणि तुमच्यामुळे वाचले म्हणाल्या.

त्यानंतर मी फडकं दोनदा भिजवायला लागले, तीनदा तपासायला लागले. डॉक्टर नव्या सिस्टरना माझं उदाहरण द्यायचे. मी सोळा सोमवार केले, पारायणं केली, सप्तशृंगीच्या पायऱ्या अनवाणी चढले. सगळं केलं, फक्त खरं सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेले आणि औषधांच्या यादीवर सही घेऊन परत आले. वर्षं अशीच गेली.

ऐंशीच्या दशकात माझंच दुखणं निघालं. गर्भाशयात गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता. ऑपरेशन करावं लागणार होतं. आमच्याच हॉस्पिटलात ओळखीच्या माणसांसमोर टेबलावर पडायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं. कमरेखालचं अंग हळूहळू माझं राहिलं नाही. वरून मी पूर्ण जागी होते. आणि मग तो ओळखीचा आवाज ऐकला, धातूचा पत्रा टेबलाला घासल्याचा.

सिस्टर तरुण होती, घाईत होती. तिनं पत्रा खाली सरकवला तेवढ्यात तिला बाहेरून बोलावणं आलं आणि ती गेली. फडकं ओलं आहे का, मला कळायला मार्ग नव्हता. मांडी जळाली असती तरी मला समजलं नसतं. विचारावंसं वाटलं. तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. कोणत्या तोंडानं विचारणार होते? द्वारकाबाई अशाच पडल्या होत्या, माझ्या भरवशावर. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मागता रामाचं नाव घेतलं. म्हटलं, जे येईल ते माझंच आहे, मी ते घेईन. भीती गेली असं नाही. पण तिच्याशी झगडणं थांबलं.

टेबलाच्या पायथ्याशी एक आया उभी होती. टोपी आणि मास्कमधून नुसते डोळे दिसत होते. तिनं चादर उचलली, माझ्या खाली हात घातला आणि दाराकडे वळून म्हणाली, "सिस्टर, डाव्या कोपऱ्याला कोरडं लागतंय. परत भिजवा."

तो आवाज मी विसरू शकले नसते. सिस्टर परत आली, फडकं काढून पुन्हा भिजवलं, पत्रा नीट बसवला. आयानं पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला. मग माझ्या उशाशी येऊन कपाळावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आता निवांत पडा." माझ्या कानांत पाणी उतरलं तेव्हा कळलं, मी रडत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी कौतिकमावशी वॉर्डात चादर बदलायला आल्या. केस पिकले होते. त्या मला कुशीवर वळवत होत्या, तेव्हा मीच विचारलं, मला ओळखलंत का. दारातून आणलं तेव्हाच ओळखलं, असं म्हणाल्या. मग मी ते बोलले. इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य होतं, निघालं तेव्हा अगदी छोटं होतं.

"मावशी, त्या येवल्याच्या बाईचं फडकं कोरडं होतं. मी पाहिलं होतं. मी खोटं बोलले."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

इथं कामाला लागल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी तसाच डाग एका पेशंटच्या अंगावर पाहिला होता. त्या पेशंटला गरम पाण्याची पिशवी दिलेलीच नव्हती. एका म्हाताऱ्या सिस्टरला विचारून त्यांनी सगळं समजून घेतलं होतं. मग तुम्ही येऊन कुणाला सांगितलं का नाही, मी विचारलं. तव्हा ऐकलं नाही, मग आता कशाला ऐकतील, असं म्हणून त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. मी म्हटलं, तरी तुम्ही माझं फडकं तपासलंत.

"तुमचं म्हणून नाय पाहिलं. मी समद्यांचंच पाहते." मग उशी माझ्या डोक्याखाली सारत म्हणाल्या, "मला सांगून काय व्हायचं, सिस्टर? ज्यांना खोटं सांगितलं त्यांना सांगा. अन् जिला भाजलं तिला सांगा."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. ज्या देवळात मी रोज जात होते त्याच्या दारात त्यांच्या वडिलांच्या पिढीला एके काळी अडवलं होतं. त्या कधी तिथं गेल्या नव्हत्या, त्यांना गरजही नव्हती. आणि तरी त्या टेबलावर मी ज्याला हाक मारली, त्याचं उत्तर त्यांच्या हातून आलं. ते कसं, याचा उलगडा मी करत बसत नाही.

हिंडू-फिरू लागल्यावर आधी डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की करंट वाढवायला सांगण्याआधी पत्रा पाहा असं सांगायचं काम त्यांचंही होतं, आणि पिशवीवर विश्वास ठेवणं त्यांनाही सोयीचं गेलं. त्याच आठवड्यात ते स्वतः कौतिकमावशींना भेटायला गेले. पुन्हा कामावर या म्हणाले. मावशींनी नको म्हणून सांगितलं.

मग एसटीनं येवल्याला गेले. विचारत विचारत घर सापडलं. मागावर द्वारकाबाईंचा मुलगा बसला होता. शेजारी त्याची बायको रेशीम उकलत होती. द्वारकाबाई आदल्या दिवाळीनंतर गेल्या होत्या. ऑपरेशननंतर त्यांना मागावर फार वेळ बसता येईना, त्या जागी रग लागायची. पुढं त्या कांड्यांवर रेशीम भरून द्यायच्या, मुलाला शिकवायच्या. नाशिकच्या सिस्टरनं जीव वाचवला असं शेवटपर्यंत सांगायच्या.

मी उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. मुलानं मागाचा धोटा हातातून खाली ठेवला. मला वाटलं, उठ म्हणेल, जा म्हणेल. मी त्याचीच तयारी करून आले होते. त्यानं अर्धवट विणलेल्या पदरावरून हात फिरवला.

"उशीर केलात बाई," तो म्हणाला. "आई असती तर तिनं सगळं ऐकून घेतलं असतं, अन् तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नसतं."

त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पाणी पिऊन मी उठले.

शरण जाणं म्हणजे आपलं ओझं देवावर टाकणं, असं मी पोथ्यांमधून समजले होते. टाकता येण्यासाठी ते आधी आपलं म्हणून उचलावं लागतं, हे मला त्या दोघी बायकांनी शिकवलं. एकीनं सगळं माहीत असून माझ्या अंगाखाली हात घातला. दुसरीनं काही माहीत नसताना मला आशीर्वाद दिले, आणि ते मी घेतले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी दोघींची नावं घेत राहिले. माझ्यावर झालेली कृपा वेळेवर आली होती. उशीर माझ्याकडून झाला.