दफेदार काका आणि देवीचा कौल

दफेदार काकांनी आयुष्यात कुणाला चोर म्हटलं नाही. आमच्याकडे हवालदाराला दफेदार म्हणतात. जोयड्याच्या ठाण्यातून निवृत्त होऊन ते रामनगरजवळच्या आमच्या वाडीत शेजारी राहायला आले. एकदा त्यांच्याच परसातला फणस गेला. कुणी नेला हे वाडीला ठाऊक, पण काका म्हणाले, "त्यानं फणस न्हेला, एवढंच म्हणा. चोर हाय का न्हाई ते कोर्ट बघून घेईल." वर त्या गड्याला हाक मारून सांगितलं, "पिकू तरी द्यायचा होतास की रं. आता भाजीच कर."

त्यांची दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न टाकून सुपारी कातरत बसायची. समोरचा गप्प राहिला तरी घाई नाही. माझे वडील, अप्पा, म्हणायचे, "निम्म्यांनी कंटाळूनच कबुली दिली आसंल." त्या ओसरीवर त्यांच्या गोष्टी ऐकताऐकता, माणूस गुन्हा का करतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला.

बी.ए. झाल्यावर मला धारवाडला गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय या विषयात एम.ए.ला प्रवेश मिळाला. नावातला गुन्हा ऐकूनच अप्पा हादरले. सोमवारपर्यंत हजर झाले नाही तर जागा जाणार होती. अप्पांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे देवीला कौल लावला. ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि डावी पाकळी लगेच खाली आली. मला तर रडूच फुटलं.

आमच्यासोबत देवळात आलेले काका पुढे सरकले. "गुरवा, काय इचारलंस?"

"पोरगीनं पोलिसात जावं का म्हणून."

"मग देवीनं बरोबर सांगितलं. ही बंदोबस्ताला हुबारली तर चक्कर येऊन पडंल! पण ही पोलिसात कुठं चाललीया? माणूस गुन्हा का करतो आनि त्याला न्याय कसा मिळतो, ते शिकाय चाललीया. तसं इचार की."

"एकदा लावलेला कौल परत लावत न्हाईत," गुरव म्हणाला.

"का? अपील न्हाई व्हय?"

"कोर्ट तेच हाय की," अप्पा पुटपुटले.

"कोर्ट तेच, केस येगळी."

नव्या पाकळ्या लागल्या. आता एकही पडेना. ऊन डोक्यावर आलं, अप्पा उठू लागले, तर काकांनी त्यांना खाली बसवलं. "न्हाई म्हणाली का? न्हाई न्हवं? मग इचार करतीया. बसू या." आणि मग उजवी सुटली. काकांनी पंच्याने वारा घातला, असं गुरव अजून म्हणतो. मी काही पाहिलं नाही, आणि त्याचा तपास करायची माझी इच्छाही नाही.

पुढे अभ्यासाचा भाग म्हणून तुरुंगात जायचं होतं, तेव्हा मी धास्तावले होते. काका म्हणाले, "आत का आलास म्हणून पयलं इचारू नको. घरी कोण हाय ते इचार." कुणाशीही न बोलणारा एक कैदी त्या प्रश्नावर दुपारभर आपल्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत राहिला. वर्गात मला खूप शिकवलं गेलं, पण माणसासमोर बसायचं कसं हे मी काकांकडून शिकले. हे ऋण फिटायचं नाही, आणि फेडायची मला घाईही नाही.

माझा निकाल लागायच्या आधीच काका गेले. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखे जेवले, सकाळी उठलेच नाहीत.

आता बेंगळुरूला बालगृहातल्या मुलांसाठी काम करायचं बोलावणं आलंय. ते आलं त्या दिवशी अप्पा भातलावणी आटोपून हातपाय धूत होते. मी भीतभीतच विचारलं, "कौल कधी लावायचा?"

ते बराच वेळ पायांवर पाणी ओतत राहिले.

"नको गं," म्हणाले. "डावी पडली तर देवीसंगट भांडाय आता दफेदार कुठं हाय? तू जा."